मास्तरांची पँट कधीच घट्ट झाली नाही

जाड होत चाललेल्या माणसाला ती बातमी सगळ्यात आधी कोण देतं? बायको नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. त्याची पँट देते. बटण लागेनासं होतं, बसलं की पोटात रुततं, वाकलं की नको त्या ठिकाणी टर्रकन आवाज होतो. मग माणूस नाइलाजाने का होईना, आरशासमोर आडवा उभा राहून पोट आत ओढून बघतो आणि दोन दिवस तरी कमी जेवतो. ही ताकीद जगात सगळ्यांना मिळते. एका शिंप्याला तेवढी मिळत नाही.

आमचे मास्तर शिंपी होते. रस्त्याकडे मोठी काच असलेलं तळमजल्यावरचं दुकान. काचेला लागून कापायचं लांबरुंद टेबल, त्यामागे मोटर लावलेलं मशीन, मशीनपुढे गादी घातलेली खुर्ची आणि भिंतीशी माणसाच्या उंचीचा आरसा. मागच्या दाराने दोन पायऱ्या चढलं की घर. म्हणजे सकाळी कामावर जायला मास्तरांना जेवढं चालावं लागे, त्याहून जास्त लोक आंघोळीला जाताना चालतात. दुकानातून जेवणाच्या टेबलापाशी आणि तिथून परत दुकानात, एवढाच त्यांचा दिवसभराचा प्रवास.

तरुणपणी ते इतके काटकुळे होते की थोरला भाऊ त्यांना ‘दोरा’ म्हणायचा. पुढे दोऱ्याचं चांगलं भरलेलं रीळ झालं, तरी घरात नाव दोराच राहिलं. आणि गंमत म्हणजे रीळ झाल्याचा पत्ता खुद्द मास्तरांनाच नव्हता.

त्याचं कारण असं. शिवताना शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड राखून ठेवायचं, ही त्यांच्या दुकानाची रीत. थोरल्या भावानेच ती शिकवली होती. माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही, तेव्हा आत कापड असू दे, म्हणजे नंतर उसवून वाढवता येतं. गिऱ्हाइकाला ते बरंच असतं. पण मास्तर स्वतःच्या पँटलाही तोच न्याय लावत. कंबरेला जरा आवळल्यासारखं वाटलं की दुपारी दुकानाचं दार ओढून घ्यायचं, पँट उतरवायची, कंबरेला अस्तराचा तुकडा गुंडाळायचा, मागची शिवण उसवायची, बोटभर ढिली करून नवी टीप मारायची आणि पँट पुन्हा चढवायची. चहा निवायच्या आत काम फत्ते. आतलं कापड संपलं तेव्हा मागे त्याच रंगाची पट्टी जोडली. इतकी सफाईने, की धुणाऱ्या बायकोलाही कळू नये. हात हे सगळं सवयीने करत आणि डोक्याला खबर लागू देत नसत.

त्यामुळे साठी ओलांडली तरी मास्तर गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे, “माझ्याकडे बघा. वीस वर्षांपूर्वीची पँट अजून अंगाला बसते!” आणि ते खोटं नव्हतं. पँट तीच होती.

खाण्याचं विचारूच नका. समोरच्या बेकरीवाल्याशी दोस्ती, त्यामुळे टेबलाच्या कोपऱ्यावर बिस्किटांचा डबा कायम भरलेला. सकाळपासून गोड चहा. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या लोणी लावलेला पाव आणि तळलेले बटाटे, कारण हात चिकट झाले तर कापडाला डाग पडतो म्हणून झटपट उरकायचं. रात्री मात्र दिवसभराची कसर भरून काढायची आणि लगेच आडवं व्हायचं. मागच्या दाराच्या त्या दोन पायऱ्या चढताना दम लागायला लागला तेव्हा ते म्हणाले, “वय झालं की व्हायचंच.” गुडघे कुरकुरले, तेव्हाही तेच. तहान वाढली, तेव्हाही तेच. मला या वाक्याचा मनापासून राग आहे. माणसं त्या वाक्याखाली काय काय लपवतात आणि वर शहाणपणाचा आव आणतात.

शिवाय मास्तरांकडे दुसरं एक हुकमी वाक्य होतं, “आमच्या घराण्यातच आहे.” वडिलांना साखरेचा आजार होता, शेवटी त्यांची नजर गेली. मग तोच आजार थोरल्या भावाला झाला. थोरले मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी मोठे, त्यांना काम शिकवणारे गुरू, आणि हाताने असे बारीक टाके घालणारे की लोक लांबून कोट घेऊन यायचे. आधी त्यांच्या पायाच्या संवेदना गेल्या, मग दोन बोटं कापावी लागली, मग हाताच्या बोटांना सुई लागेनाशी झाली. हातातून सुई पडायची आणि पडलेली कळायचीही नाही. एके दिवशी त्यांनी कातर टेबलावर ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून ते घरातल्या खिडकीशी खुर्चीत बसून असत आणि उघड्या दारातून दुकानातलं धाकट्याचं काम बघत. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून घर भावाचंच. भावजयीवर त्यांची माया होती, पण तोंडाने ते कुणालाच कधी बरं म्हणाले नाहीत.

एके सकाळी मास्तरांची बायको दुकानात फडका मारत होती. मारता मारता थांबली. टेबलापासून आरशापर्यंत फरशीवर लाल ठिपके होते.

“अहो, पाय वर करा बघू.”

“कशाला?”

“करा म्हणते ना!”

सपातेच्या तळातून आरपार जाऊन एक टाचणी टाचेत बसली होती, थेट टोपीपर्यंत. बायकोने ती उपटून काढली तेव्हाही मास्तर शांत.

“टाचणीच ती,” ते हसून म्हणाले. “शिंप्याच्या दुकानात टाचण्या नाही तर काय हत्ती सापडणार?”

बायको हसली नाही. उघड्या दारातून थोरलेही बघत होते. तेही हसले नाहीत.

“माझंही असंच सुरू झालं होतं, दोऱ्या,” ते म्हणाले.

त्याच दिवशी बायकोने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई वयाने मुलीसारख्या होत्या, पण जिभेला धार होती. त्यांनी मास्तरांना डोळे मिटून आडवं व्हायला सांगितलं. “माझ्याकडे एक नायलॉनचा तंतू आहे. तो पायाला टेकवेन. जिथे लागेल तिथे सांगा.”

मास्तर डोळे मिटून पडून राहिले. बराच वेळ गेला.

“करा ना सुरू,” ते म्हणाले.

“झालंय माझं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे उघडले. पायाशी उभ्या असलेल्या बायकोने तोंडाला पदर लावला होता आणि ती दुसरीकडे बघत होती.

मग हातांची पाळी आली. तिथे प्रत्येक स्पर्श मास्तरांनी बिनचूक सांगितला. “हात अजून शाबूत आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण साखर फार वाढलीय. ती अशीच राहिली तर हे तिथेही पोचेल. रक्तदाबही चढलेला आहे, म्हणजे हृदयाचीही काळजी आली.” बोलता बोलता त्या मास्तरांच्या पोटाभोवती टेप धरायला लागल्या.

“अहो, टेप तिरकी धरलीत,” मास्तर न राहवून म्हणाले. “मागून खाली घसरलीय.”

त्यांनी टेप सरळ केली. आकडा आणखी वाढला. मास्तरांनी तो वाचला आणि पुन्हा वाचला. आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्या, पण स्वतःची कधी मोजली नव्हती.

“कपडे घट्ट व्हायला लागले असतील ना? तेव्हा नाही लक्षात आलं?” बाईंनी विचारलं.

मास्तर छताकडे बघायला लागले.

“घट्ट झालेच नाहीत हो!” बायको म्हणाली आणि तिने अस्तराच्या तुकड्यापासून मागच्या पट्टीपर्यंत सगळं सांगून टाकलं. तिला सगळं ठाऊक होतं तर! डॉक्टरीणबाई आधी खो खो हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “मला असा पेशंट पहिल्यांदाच भेटला.”

“पण बाई, वडिलांना होतं, दादाला आहे,” मास्तर म्हणाले. “रक्तातच आहे, तर कोण काय करणार?”

“वडील दिवसभर कुठे बसायचे?”

“दुकानात. मशीनवर.”

“आणि दादा?”

“त्याच खुर्चीत.”

“आणि घरात जेवण सगळ्यांचं एकच?”

“एकच की.”

“म्हणजे तुमच्याकडे रक्ताबरोबर खुर्चीही आली आणि ताटही आलं. रक्ताचं मला काही करता येत नाही. पण खुर्चीतून उठणं आणि ताट बदलणं तुमच्या हातात आहे. पायाचं गेलंय ते सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पुढचं थांबवता येईल, एवढं नक्की सांगते.”

गोळ्या लिहून मिळाल्या. घरी आल्यावर मास्तरांनी पँट उतरवली, काचेपाशी उजेडात धरली आणि मागची शिवण आतून बघितली. जुन्या टाक्यांची भोकं कापडावर तशीच होती. एका ओळीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी, अशा ओळीच्या ओळी पार कडेपर्यंत गेल्या होत्या आणि पुढे ती पट्टी. सगळ्या त्यांच्याच हातच्या. नजर, पाय, हृदय, सगळ्याचीच भीती होती, पण खरी भीती हातांची होती. हात गेले तर खिडकीशी दुसरी खुर्ची मांडायची आणि दोघा भावांनी मिळून रिकामं दुकान बघत बसायचं. शिवण्याव्यतिरिक्त त्यांना काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

घाबरलेला माणूस काय करतो? अतिरेक करतो. मास्तरांनी तब्येतीला अर्जंट ऑर्डरसारखं हातात घेतलं. दुसऱ्या दिवसापासून उकडलेल्या भाज्या आणि पाणी, बाकी सगळं बंद. पायात जुने टोकदार बूट चढवले आणि नदीच्या पुलापर्यंत, पुलावरून पलीकडे, पलीकडून परत, असे तरातरा चालायला लागले. घामाने निथळत घरी यायचे आणि विजयी मुद्रेने बायकोकडे बघायचे. बिस्किटांचा डबा बेकरीवाल्याला परत केला, तेव्हा तो भलताच दुखावला. भर दुपारी एकदा टेबलापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय थरथरले, तरी मास्तरांचं म्हणणं, “चरबी जळतेय!”

चरबी जळो न जळो, पाय मात्र सोलवटला होता. करंगळीशेजारी बूट घासून फोड आला, फुटला, चिघळला, आणि मास्तरांना त्याचा पत्ताही नाही. मोजा जखमेला चिकटून निघेना तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी जे बोलल्या ते मास्तर आयुष्यात विसरले नाहीत. “तुमच्या पायाला दुखत नाही, म्हणजे तुम्हाला डोळ्यांनी बघायला हवं! गोळ्या घेऊन उपाशी राहता, कोसळला असतात म्हणजे? मी चालायला सांगितलं होतं, पळून जायला नाही.” जखम बरी होईपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही, असा हुकूम झाला. म्हणजे पुन्हा खुर्ची.

आता थोरल्यांना बोलायला जागा मिळाली. “सांगत होतो,” ते खिडकीशी बसूनच म्हणाले. “जे यायचं ते येणार. मी काय कमी पथ्यं केली? उगाच जिवाला ताप.” खरं तर थोरल्यांनी पथ्य कधी केलंच नव्हतं. भावजयीचा डोळा चुकवून ते साखर खायचे. पण खचलेल्या मास्तरांना ते पटलं. दुपारी त्यांनी बायकोला हाक मारली, “चहा टाक. गोड टाक. आणि बेकरीवाल्याला सांग, डबा पाठव.”

बायको चहा घेऊन आली नाही. रिकाम्या हाताने आली आणि टेबलावर अर्धवट पडलेला कुणाचा तरी कोट उचलून तिने त्यांच्यापुढे आपटला.

“हा किती वेळात शिवता?”

“का?”

“सांगा ना. एका दिवसात शिवता?”

“वेडी आहेस का? आधी माप, मग कापणं, मग कच्चे टाके, मग ट्रायल. गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचा, कुठे ओढतोय, कुठे ढिला पडतोय. उसवायचं, पुन्हा टाचायचं, पुन्हा ट्रायल. अंगावर बसला की मगच पक्की शिलाई.”

“लोकांच्या कोटाला एवढा मान,” ती म्हणाली, “आणि स्वतःच्या जिवाला एकदम पक्की शिलाई? ना माप, ना ट्रायल! मी उभी हयात तुमच्या कोटांना काजं करत आले. मला एकटीला काजं करत बसायला लावू नका.” आणि ती रडायला लागली.

बायको भांडताना मास्तरांनी खूप पाहिली होती, असं रडताना फार कमी. चहा आला नाही आणि त्यांनी पुन्हा मागितलाही नाही.

त्या दिवसापासून सगळं कच्च्या टाक्यांनी सुरू झालं. चहातली साखर एकदम नाही, थोडी थोडी करत काढली, आणि मधल्या दिवसांत मास्तर जे तोंड करायचे ते बघायला बेकरीवाला मुद्दाम यायचा. ताटात अर्ध्या जागेवर भाज्या, मग डाळी, अंडं किंवा मासा, आणि पाव उरलेल्या कोपऱ्यात. हे एकट्या मास्तरांसाठी नव्हतं. “आजाऱ्याचं वेगळं ताट माझ्याकडे मिळणार नाही,” असं बायकोने जाहीर केलं आणि तिघांनाही तेच वाढायला लागली. थोरले कुरकुरत जेवायचे, पण जेवायचे. एखादी गोष्ट जमली नाही तर मास्तर म्हणायचे, “इथे ओढतंय. उसवू आणि पुन्हा टाचू.” रात्रीचं जेवण अलीकडे आणलं तर झोपायच्या वेळी पुन्हा भूक लागायची. मग दुपारचं वाढवून पाहिलं, ते बसलं.

पायावर भार नको होता, पण हात मोकळे होते. कापडाचे तागे होतेच. बसल्या बसल्या एक तागा छातीशी धरायचा, वर न्यायचा, खाली आणायचा. पाय बरा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आणखी एक काम दिलं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. ऐकायला किती सोपं! पहिल्या दिवशी मास्तर पुढे झुकले, लाल झाले, फुसफुसले आणि धपकन परत बसले. समोर मापासाठी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्यांना काहीतरी झालं. स्वतःचं बूड उचलायची ताकद मांड्यांत राहिली नाही, याची मास्तरांना इतकी लाज वाटली की त्यांनी ते काम मनावर घेतलं. दर कपडा संपला की उठायचं. काही दिवसांनी ते उठले. मग दोनदा उठले. मग बेकरीवाल्याला बोलावून उठून दाखवलं, आणि “आता तू उठून दाखव” म्हणाले. तो उठू शकला नाही. डब्याचा रुसवा त्या दिवशी संपला आणि दोघं मिळून चालायला जाऊ लागले.

या वेळी बूट रुंद होते, आतून मऊ होते. रोज सकाळी मास्तर मोठ्या आरशापुढे बसून तळवे वर करून निरखायचे, जसं कापड कापण्याआधी डाग बघतात तसं. जेवण झालं की मशीन नाही, आधी रस्त्यावर एक फेरी. कोपऱ्यापर्यंत, मग चांभाराच्या दुकानापर्यंत, मग पुलापर्यंत. कापायचं टेबल सुताराकडून उंच करून घेतलं, म्हणजे उभ्याने काम होईल. पावसात, थंडीत, गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना फेरी चुकायची. पण चुकली म्हणून सगळं सोडून द्यायचं खूळ आता त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

पँट ढिली व्हायला लागली. हात सवयीने सुईकडे गेला, तर बायकोने तो धरला. “राहू द्या. पट्टा लावा. उद्या परत वाढवायला लागली तर?” बरेच महिने मास्तर पट्ट्यावर वावरले. शेवटी एके दिवशी ती पँट बायकोनेच घेतली. मागची पट्टी काढून टाकली, शिवण आत घेतली. काजाबटणांच्या पलीकडे तिला आजवर कुणी मशीनवर बसू दिलं नव्हतं. मास्तरांनी शिवण उलटून पाहिली, जरा वाकडी होती. त्यांनी ती तशीच घातली आणि गावभर मिरवली.

वर्ष उलटून गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं तपासलं. साखर उतरली होती, रक्तदाब जागेवर आला होता. एक गोळी त्यांनी स्वतःच कमी केली आणि बजावलं, “मी कमी केली. तुम्ही नाही करायची.” मग डोळे मिटायला सांगितलं. हातांवरचा एकही स्पर्श चुकला नाही. टाच मुकीच होती. मास्तर श्वास रोखून पडून राहिले.

“अंगठा,” ते एकदम म्हणाले. “अंगठ्याला काहीतरी झालं!”

“काय झालं?”

“माशी बसल्यासारखं.”

“मीच ती माशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गेल्या वेळी हसल्या होत्या त्याहून मोठ्याने हसल्या. “हे सगळ्यांना मिळत नाही, मास्तर. जपा.”

मास्तर बसने घरी आले नाहीत. चढाच्या रस्त्याने चालत निघाले, न थांबता, आणि वर पोचले तरी त्यांना दम लागला नव्हता. मागून बायको ओरडत होती, “अहो, थांबा! माझ्यासाठी तरी थांबा!” त्यांना इतका आनंद झाला होता की वाटेत दिसेल त्याला ते अंगठ्याची हकीकत सांगत सुटले, आणि ज्याला समजत नव्हती त्याला बूट काढून दाखवायची तयारी होती.

त्याच सुमारास शहरातल्या वाद्यवृंदाचे संचालक दुकानात आले. त्यांना काळ्या मखमलीचा कोट हवा होता, संपूर्ण हाताने शिवलेला. मशीनची टीप मखमलीवर वळ उठवते. मोठ्या दुकानांनी हात वर केले होते. काळ्या कापडावर काळा दोरा, हे डोळ्यांचं काम नाही. टाका कुठे गेला, किती खोल गेला, दोरा किती ओढला, सगळं बोटांनी बघायचं. थोरल्यांनी कातर ठेवल्यापासून असा कोट या दुकानात शिवला गेला नव्हता.

“होईल,” मास्तर म्हणाले.

उघड्या दारातून थोरल्यांनी मान वळवली.

मास्तर दिवसाच्या उजेडात, थोडं बसून, थोडं उंच टेबलाशी उभं राहून शिवत राहिले. मध्येच सुई ठेवायचे, फेरी मारून यायचे, पुन्हा सुई उचलायचे. बोटांच्या टोकांना मखमलीचा एकेक तंतू लागत होता. इतक्या वर्षांत त्या बोटांकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता प्रत्येक टाक्याला त्यांना बोटांचे आभार मानावेसे वाटत होते, आणि ते खरोखरच पुटपुटत मानायचेही.

कोट पुरा झाला. संचालक न्यायला येण्याआधी थोरल्यांनी खुर्चीतून हात पुढे केला. “आण इकडे.”

पूर्वी दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कपड्याची शिवण थोरले अंगठ्याने तपासायचे. अंगठा शिवणीवरून सरकायचा आणि जिथे अडखळेल तिथे ते म्हणायचे, “उसव.” मास्तरांच्या तरुणपणातलं निम्मं आयुष्य त्या एका शब्दात गेलं होतं. आता थोरल्यांनी कोट मांडीवर घेतला आणि अंगठा खांद्याच्या शिवणीवर ठेवला. सरकवला. पुन्हा सरकवला. अंगठ्याला काही कळत नव्हतं. मखमल आहे की लाकूड, तेही कळत नव्हतं. मास्तरांनी मान खाली घातली. भावाच्या चेहऱ्याकडे बघणं त्यांना जमेना.

मग थोरल्यांनी कोट दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाशी नेला. शिवण ओठांवर धरली. डोळे मिटले आणि कॉलरपासून खांद्यापर्यंत, खांद्यावरून बाहीच्या टोकापर्यंत ती हळूहळू ओठांवरून सरकवत नेली. मग दुसरी बाही. मग पाठ. बायको दारात काजाची सुई हातात धरून उभी होती.

“कुठे उसव म्हणू?” थोरले शेवटी म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. “जागाच ठेवली नाहीस, दोऱ्या.”

साठी उलटलेले मास्तर लहान मुलासारखे रडले. आयुष्यात पहिल्यांदा भावाने शाबासकी दिली होती. आणि भावाचे हात गेले तिथे आपले हात राहिले, याचा आनंद आणि त्याचंच दुःख, दोन्ही एकाच वेळी दाटून आलं होतं. थोरल्यांनी त्यांना रडू दिलं. मग कोट नीट घडी करून परत दिला आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, “ती डॉक्टरीण म्हाताऱ्यांना घेते का?”

डॉक्टरीणबाईंनी घेतलं. बराच वेळ तपासलं, कापलेल्या बोटांच्या जागी आत मऊ गादी बसवून खास बूट करायला सांगितले, काठी दिली, आणि आधी घरातल्या घरात, धरून धरून, असं बजावून पाठवलं. ट्रायलमागून ट्रायल झाल्या. थोरले प्रत्येक वेळी चिडले, बुटाला नावं ठेवली, भावजयीला नावं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले. शेवटी बाईंनी त्यांना कोपऱ्यापर्यंतची परवानगी दिली.

एके दिवशी जेवण झाल्यावर दोघे भाऊ दुकानाच्या दारातून बाहेर पडले. थोरल्यांनी कित्येक वर्षांत रस्त्याला पाय लावला नव्हता. एका हातात काठी, दुसरा हात मास्तरांच्या दंडावर. बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला आणि भट्टीत काही असल्याचं विसरून उभाच राहिला. बायको मागून आली, पण मध्ये पडली नाही. सावकाश, थांबत, पुन्हा निघत ते चालले. कोपरा आला. ठरल्याप्रमाणे मास्तर वळायला लागले, तर दंडावरचा हात वळेना.

“वळतोस कशाला?” थोरले धापा टाकत म्हणाले. “उद्या चांभारापर्यंत जायचंय. तो रस्ता कसा आहे, ते इथून बघून घेऊ दे मला.”